कामगारांची सुट्टी: तारीख कोणती, पगार कोणाला आणि रविवार आला तर काय?

२०२२ साली १ मे रविवारी आला. सिंगापूर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कामगारांना त्याबदली सोमवारी, २ मे रोजी सुट्टी मिळाली, कारण तिथल्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. लंडनमध्येही सोमवारी सुट्टी होती, पण ती रविवारची भरपाई नव्हती. ब्रिटनमध्ये ही सुट्टी सहसा मे महिन्याच्या पहिल्या सोमवारीच असते. पॅरिस, बर्लिन आणि मुंबईतल्या लोकांची सुट्टी रविवारात बुडाली. चीनमध्ये सलग पाच दिवस सुट्टी होती, मात्र त्यासाठी २४ एप्रिलचा रविवार आणि ७ मेचा शनिवार कामावर काढावा लागला. न्यूयॉर्क आणि टोकियोत या तारखेला सरकारी सुट्टी नसतेच, त्यामुळे तिथे हा प्रश्नच आला नाही.

कॅलेंडरवर लाल अक्षरांत तारीख छापली की सुट्टी मिळाली, असा आपला समज असतो. पण कामगाराच्या पदरात नेमकं काय पडणार हे तीन गोष्टींवरून ठरतं: तारीख कोणी आणि का निवडली, त्या दिवसाचा पगार द्यायची सक्ती कोणावर आहे, आणि त्या दिवशी कामावर बोलावलं तर जास्तीचं काय मिळतं. भाषणं बहुतेक पहिल्या गोष्टीवर होतात. भांडणं मात्र उरलेल्या दोन गोष्टींवरून.

तारखेपासून सुरुवात करू. १ मे ही तारीख सोव्हिएत रशियाची देणगी आहे असं अजूनही पुष्कळांना वाटतं. ती अमेरिकेची आहे. दिवसाला आठ तासच काम, या मागणीसाठी तिथल्या संघटनांनी १ मे १८८६ पासून संप पुकारला आणि लाखो कामगार त्यात उतरले. शिकागोत ३ मे रोजी मॅककॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकात भरली. सभा संपत आली असताना पोलीस ती उधळायला आले, कुणीतरी बॉम्ब फेकला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सात पोलीस मेले, कामगारही मेले. बॉम्ब कोणी फेकला हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. तरीही आठ जणांवर खटला चालला आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी झाली: ऑगस्ट स्पाईस, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल. पाचव्याने तुरुंगात जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉन अल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असं लेखी नोंदवलं.

जुलै १८८९ मध्ये पॅरिसला समाजवादी पक्षांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सगळ्या देशांतल्या कामगारांनी एकाच दिवशी आठ तासांसाठी निदर्शनं करावीत, असा ठराव तिने केला. अमेरिकी कामगार महासंघाने १ मे १८९० ही तारीख आधीच ठरवून ठेवली होती, तीच परिषदेने उचलली. म्हणजे ठराव होता एका दिवसाच्या निदर्शनाचा. दरवर्षीची प्रथा पुढे पडली आणि सरकारी सुट्टी तर बहुतेक देशांत कित्येक दशकांनी आली.

मग ज्या देशात हे सगळं घडलं, तिथेच १ मे का नाही? न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर १८८२ रोजी कामगार संघटनांची मिरवणूक निघाली होती. त्यावरून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची प्रथा पडत गेली आणि ऑरेगन राज्याने १८८७ मध्ये कामगार दिनाचा पहिला कायदा केला. १८९४ च्या उन्हाळ्यात रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या कामगारांचा संप रेल्वेभर पसरला. तो ऐन भरात असताना, २८ जून रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी सप्टेंबरच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत संप मोडायला शिकागोत फौज पाठवली. हेमार्केटची आठवण चिकटलेली तारीख सरकारला नको होती, हे उघड आहे. पुढे शीतयुद्धाच्या काळात, १९५८ मध्ये, अमेरिकेने १ मे हा ‘निष्ठा दिन’ आणि ‘कायदा दिन’ म्हणून जाहीर करून टाकला. कामगारांची तारीख दुसऱ्याच कार्यक्रमाने भरून टाकायची, ही युक्ती अमेरिकेपुरती नाही. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामकरी संत जोसेफ यांचा सण ठरवला. गोव्यातल्या चर्चच्या दिनदर्शिकेतही तो आहे.

अमेरिकेतल्या सुट्टीची दुसरी बाजू पगाराची. संघराज्याचा कायदा ही सुट्टी देतो ती संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना. खासगी मालकाने त्या दिवशी सुट्टी द्यावी, भरपगारी द्यावी किंवा काम केल्यास जास्त पैसे द्यावेत, अशी सक्ती संघराज्याच्या कायद्यात नाही. सगळं नेमणूकपत्रावर किंवा युनियनच्या करारावर अवलंबून. त्यामुळे न्यू जर्सीतला सॉफ्टवेअरवाला भरपगारी सुट्टीवर बार्बेक्यू पेटवत असतो आणि कोळसा विकणाऱ्या दुकानातला कामगार सेलच्या गर्दीत उभा असतो. शेजारच्या कॅनडातही सप्टेंबरचा पहिला सोमवारच आहे, पण कथा वेगळी. १८७२ मध्ये टोरांटोच्या छापखान्यांतल्या कामगारांनी नऊ तासांच्या दिवसासाठी संप केला. युनियन हाच तेव्हा गुन्हा ठरत असल्याने पुढाऱ्यांना अटक झाली आणि त्यावर इतका गदारोळ उठला की त्याच वर्षी युनियन कायदेशीर करणारा कायदा करावा लागला.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने शिकागोची वाट पाहिलीच नव्हती. मेलबर्नमध्ये २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि ते संसद भवनाकडे चालत निघाले. पगार न कापता आठ तासांचा दिवस त्यांनी मिळवला. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे. म्हणून मेलबर्नमधल्या त्यांच्या स्मारकावर ‘८८८’ हे आकडे आहेत. न्यूझीलंडमध्ये सॅम्युअल पार्नेल नावाच्या सुताराने १८४० मध्येच वेलिंग्टनला आठ तासांच्या अटीवर काम घेतलं. सुतारांची इतकी टंचाई होती की गिऱ्हाइकाला ऐकावं लागलं. तिथली सुट्टी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी असते. ऑस्ट्रेलियात मात्र प्रत्येक राज्याने आपापली तारीख जपली: वेस्टर्न ऑस्ट्रेलिया मार्चचा पहिला सोमवार, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया मार्चचा दुसरा, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी मेचा पहिला, तर न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया आणि कॅनबेरा ऑक्टोबरचा पहिला. मेलबर्नच्या भावाने सिडनीच्या बहिणीकडे जोडसुट्टीला जायचं ठरवलं, तर एकाला रजा टाकावीच लागते. क्वीन्सलँडमध्ये तर सरकार बदललं तशी तारीखही बदलली: २०१३ पासून ऑक्टोबरमध्ये गेली आणि २०१६ मध्ये मेमध्ये परत आली.

युरोपात या दिवशी नियमाचा काटा सर्वात कडक आहे तो फ्रान्समध्ये. वर्षभरात ११ सार्वजनिक सुट्ट्या असल्या तरी कायद्याने सगळ्यांचं काम बंद ठेवायला लावणारी आणि पगार कापू न देणारी अशी ही एकच. १९४७ पासून ती भरपगारी आहे. दवाखाने, वाहतूक, हॉटेलं अशा थांबवता न येणाऱ्या कामांना सूट आहे, पण तिथे कामावर असलेल्याला दुप्पट पैसे द्यावे लागतात. अडतं ते ‘थांबवता न येणारं काम’ कशाला म्हणायचं इथे. बेकरीवाला म्हणतो, रोजचा पाव हवाच. कामगार निरीक्षक म्हणतात, मालकाने स्वतः भट्टी पेटवावी आणि स्वतः विकावं, नोकर बोलवू नयेत. नियम मोडल्यास दर कामगारामागे ७५० युरोपर्यंत दंड. अलीकडे व्हाँदे भागातल्या काही बेकऱ्यांचा असाच वाद कोर्टात गेला आणि २०२५ मध्ये बेकरीवाले निर्दोष सुटले.

त्याच दिवशी फ्रान्सच्या रस्त्यांवर म्युगे नावाची पांढऱ्या घंटांसारखी फुलं विकली जातात. एरवी रस्त्यावर फुलं विकायला परवाना लागतो. १ मे रोजी कुणालाही विकू देतात, फक्त फुलं रानातली हवीत, मुळांसकट नकोत आणि फुलवाल्याच्या दुकानासमोर ठाण मांडायचं नाही. अंतर किती ठेवायचं ते गावोगावची नगरपालिका ठरवते. एका काडीला १३ घंटा असल्या तर शुभ. कामगारांच्या मिरवणुकीत पूर्वी लाल रानगुलाब असायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या पेतांच्या सरकारने १९४१ मध्ये दिवसाचं रूपच बदललं आणि लाल फुलाच्या जागी हे पांढरं फूल पुढे केलं. सरकार गेलं, फूल राहिलं.

जर्मनीची गोष्ट याहून काळी. कामगार संघटना वर्षानुवर्षं मागत असलेली भरपगारी सुट्टी १९३३ मध्ये नाझींनी दिली. १ मे रोजी बर्लिनला प्रचंड सोहळा झाला, संघटनांचे लोकही त्यात गेले. दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, देशभरातल्या युनियन कार्यालयांवर छापे पडले, मालमत्ता जप्त झाली, पुढारी तुरुंगात गेले. सुट्टी दिली म्हणजे सरकार कामगारांच्या बाजूचं, हा हिशोब मांडताना हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहावेत.

ब्रिटनची मेची सुट्टी १९७८ पासूनची. तिथल्या मराठी मंडळींचा हमखास गोंधळ होतो तो इथे: ‘बँक हॉलिडे’ला भरपगारी सुट्टी देण्याची खासगी मालकावर सक्ती नाही. पूर्णवेळ कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला २८ दिवस भरपगारी रजा हा हक्क आहे. बँक हॉलिडे त्यातच मोजायचे की वेगळे, हे करारात लिहिलेलं असतं. नोकरी घेताना ‘२८ दिवस रजा’ आणि ‘२८ दिवस अधिक बँक हॉलिडे’ यात वर्षाला आठ दिवसांचा फरक पडतो (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये त्याहून जास्त).

फिनलंडमध्ये राजकारण कमी आणि जत्रा जास्त. ३० एप्रिलच्या संध्याकाळी हेलसिंकीतल्या एका पुतळ्याच्या डोक्यावर विद्यार्थ्यांची पांढरी टोपी चढवली जाते आणि घरोघरी ‘सिमा’ हे लिंबाचं आंबवलेलं पेय असतं. बाटलीत टाकलेले बेदाणे वर तरंगू लागले की ते तयार झालं असं समजायचं.

आशियात चीनचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे, कारण पाच दिवसांच्या सुट्टीत खरी सुट्टी थोडीच असते. २०२५ पासून कायद्याने १ आणि २ मे असे दोन दिवस मिळतात. त्या वर्षी १ मे गुरुवारी होता. ३ आणि ४ मे शनिवार-रविवार, म्हणजे हक्काचेच. सोमवार ५ मे जोडला आणि त्याबदली २७ एप्रिलच्या रविवारी सगळे कामावर. कायदेशीर दोन दिवशी काम करून घेतलं तर मालकाला तिप्पट पगार द्यावा लागतो, पण बदललेल्या रविवारी साधाच पगार. तिथली तरुण मंडळी या अदलाबदलीवर दरवर्षी वैतागतात, आणि त्यांचं चूक नाही.

जपानमध्ये मे दिनाच्या मिरवणुका १९२० पासून निघतात, पण सरकारी सुट्टी २३ नोव्हेंबरला. मूळचा हा राजदरबारातला नव्या भाताचा विधी. १९४८ च्या कायद्याने त्याला श्रमाचा आदर आणि परस्परांविषयी कृतज्ञता असा अर्थ दिला. १ मे हा एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांच्या मधोमध येतो, म्हणून बऱ्याच कंपन्या तो आपणहून देतात.

सिंगापूरचे नियम आखीव आहेत. वर्षाला ११ भरपगारी सार्वजनिक सुट्ट्या, त्यात १ मे. त्या दिवशी काम केलं तर एक दिवसाचा मूळ पगार जास्त, किंवा दोघांच्या संमतीने बदली सुट्टी. एक खाच मात्र आहे: सुट्टीच्या लगेच आधीच्या किंवा नंतरच्या कामाच्या दिवशी परवानगीशिवाय दांडी मारली, तर सुट्टीचा पगारही जातो. आखातात वेगळंच. संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार यांच्या सुट्ट्यांच्या यादीत १ मे नाही, बहारीनमध्ये आहे. दुबईच्या साइटवरचा रत्नागिरीचा फिटर त्या दिवशी नेहमीसारखाच शिफ्टला जातो.

सगळ्यात उलटी प्रथा जमैकाची. १९३८ च्या मे महिन्यात तिथे कामगारांचा उठाव झाला. त्याच्या स्मरणार्थ २३ मे हा दिवस १९६१ मध्ये सुट्टीचा झाला आणि ब्रिटिश साम्राज्य दिनाची सुट्टी गेली. १९७२ मध्ये पंतप्रधान मायकेल मॅनली यांनी त्या दिवशी लोकांना कामालाच लावलं. तेव्हापासून शाळा रंगवणं, रस्ते साफ करणं, झाडं लावणं अशा गावकीच्या कामांत सुट्टी जाते.

आता आपल्याकडे. भारतात मे दिन पहिल्यांदा साजरा झाला तो मद्रासमध्ये, १ मे १९२३ रोजी, सिंगारवेलू चेट्टियार यांच्या पुढाकाराने. त्या दिवशी त्यांनी लेबर किसान पार्टीची घोषणा केली आणि मे दिनाला सुट्टी द्या अशी मागणीही केली. पण त्याच्या ३३ वर्षं आधी, युरोपात पहिला मे दिन साजरा झाला त्या १८९० सालीच, मुंबईच्या गिरणी कामगारांनी वेगळी लढाई जिंकली होती: आठवड्याच्या सुट्टीची. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ पासून ते रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या लावून धरत होते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. कामाचे तास मात्र हळूहळू उतरले: १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६०, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीनंतर १९४६ मध्ये ४८.

महाराष्ट्रात १ मेची सुट्टी ज्या नावाने मिळते ते नाव कामगार दिनाचं नाही, महाराष्ट्र दिनाचं आहे. १ मे १९६० रोजी राज्य झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत कामगार पुष्कळ. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत ते त्यामुळे. शेअर बाजार १ मे रोजी देशभरासाठी बंद असतो, तोही बाजार मुंबईत असल्यामुळे आणि महाराष्ट्र दिन म्हणून. केंद्र सरकारच्या देशभर लागू असलेल्या सक्तीच्या सुट्ट्यांत १ मे नाही. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, पश्चिम बंगाल, गोवा अशी राज्यं कामगार दिन म्हणून सुट्टी देतात. दिल्लीच्या बँका त्या दिवशी उघड्या असतात. पगार खात्यात पडायची वाट पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ऑगस्ट २०२१ पासून आपोआप वळते होणारे हप्ते सुट्टीच्या दिवशीही जातात. तेव्हा १ तारखेचा ईएमआय बँक बंद म्हणून थांबेल असं धरू नका. खात्यात पैसे ३० एप्रिललाच ठेवा.

हक्काचं नेमकं कलम २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. या दिवशी कामावर बोलावता येतं, पण मग दुप्पट पगार आणि वर बदली रजा. कायद्यात दोन्हींच्या मध्ये ‘आणि’ आहे, ‘किंवा’ नाही. रोज ७०० रुपयांप्रमाणे पगार असेल, तर १ मे रोजी काम केल्याचे १,४०० रुपये आणि पुढे एक दिवस भरपगारी सुट्टी. बरीच दुकानं यातलं एकच देतात आणि कामगारही तेवढ्यावर खूश होतात.

मात्र तुम्ही कुठे काम करता यावर सगळं अवलंबून आहे. हा कायदा आस्थापनेतल्या कामगारांची संख्या बघतो. दोन-तीन नोकरांचं किराणा दुकान या तरतुदीत येत नाही. कारखान्यांचा मार्ग वेगळा: १९४८ च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी होती, सणांच्या सुट्ट्यांची यादी नव्हती, त्यामुळे १ मेची सुट्टी स्थायी आदेश (कारखान्याचे लेखी सेवानियम) आणि युनियनच्या करारातून येत गेली. कंत्राटदाराच्या मस्टरवर असलेल्याला ‘काम नाही तर हजेरी नाही’ असं सांगितलं जातं आणि महिन्याच्या पगारातून तो दिवस गुपचूप वजा होतो. हे पकडायचं असेल तर मेच्या पगारपत्रकात भरलेले दिवस मोजा. १ मे सोडून सगळे दिवस भरले असतील आणि तरी एक दिवस कमी दिसत असेल, तर तो सुट्टीचा कापलेला दिवस. आधी लेखी विचारा, तारीख घालून, आणि त्या कागदाची प्रत ठेवा. दाद मिळाली नाही तर कामगार आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात तक्रार करता येते. सोबत नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र, एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांची पगारपत्रकं आणि बँकेचं पासबुक न्या.